रक्तदाबाच्या गोळ्यांमधली वर्णीय तफावत: मूल्यपुष्टीने ती कमी होईल का?

तुम्ही मांडलेली अडचण थोडक्यात अशी आहे: अमेरिकेतल्या ज्या दवाखान्यात तुम्ही फार्मासिस्ट म्हणून काम करता, तिथे कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तदाबाच्या औषधांचे रिफिल (संपत आलेले औषध पुन्हा भरून घेणे) श्वेतवर्णीय रुग्णांपेक्षा उशिरा होतात. ही तफावत कमी करण्यासाठी रुग्णाकडून स्वतःच्या जीवनमूल्यांविषयी चार ओळी लिहून घ्याव्यात, म्हणजे ‘मूल्यपुष्टी’चा उपाय करावा, असा प्रस्ताव तुमच्या वरिष्ठांनी ठेवला आहे आणि त्याचा उपयोग होईल का, असे तुम्ही विचारले आहे. याच कामात बरीच वर्षे घालवलेला माणूस म्हणून माझे मत सांगतो: एवढ्यावर विसंबू नका. मानसशास्त्राचा उपयोग नक्की आहे, पण रुग्णाचे मन दुरुस्त करायला जाण्यापेक्षा आपण त्याच्याशी काय, कुठे आणि कोणाच्या तोंडून बोलतो हे बदलण्यासाठी ते वापरले, तर हाती काही लागते.

या प्रस्तावामागचा विचार चुकीचा नाही. मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये आत्मपुष्टीचा सिद्धान्त (स्वतःच्या महत्त्वाच्या मूल्यांची आठवण झाली की स्वप्रतिमेला बसणारा धक्का पेलता येतो) मांडला, आणि आपल्या समाजाविषयीच्या हीन समजुतीवरून आपल्याला जोखले जाईल या धास्तीने माणसाची कामगिरी खालावते, हे त्यांनी व जोशुआ अ‍ॅरन्सन यांनी १९९५ मध्ये दाखवले. पुढे २००६ मध्ये जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांकडून आपल्या जिव्हाळ्याच्या मूल्यांविषयी थोडेसे लिहून घेतले, तेव्हा कृष्णवर्णीय मुलांचे गुण सुधारले आणि वर्णीय तफावत सुमारे ४० टक्क्यांनी घटली. दवाखान्यातही रुग्ण अशाच धास्तीने गप्प बसत असेल, तर हाच उपाय तिथे का चालू नये, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. कोलोरॅडोमध्ये ‘हायव्हॅल्यू’ नावाच्या चाचणीत तो कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय अशा दोन्ही रुग्णांवर रीतसर तपासला गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता: औषधे नियमित घेण्याच्या प्रमाणात या लेखनाने फरक पडला नाही.

असे का झाले असावे, याचा माझा अंदाज साधा आहे. शाळेत ते लेखन आणि त्याची कसोटी एकाच वर्गखोलीत असतात, शिवाय एकदा गुण सुधारले की त्यातून मिळणारा आत्मविश्वास पुढच्या परीक्षेला उपयोगी पडतो. गोळी मात्र घरी, एकट्याने, दररोज आणि कोणतेही दुखणे नसताना घ्यायची असते, आणि ती घेतल्याबद्दल शरीर कसलीही पावती देत नाही. प्रतीक्षाकक्षात भरलेला एक कागद तिथपर्यंत पोचत नाही.

उपाय अधिक काळ चालवला तर थोडा परिणाम दिसतो. गबेंगा ओगेडेग्बे आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये २५६ कृष्णवर्णीय रुग्णांवर केलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला केवळ आरोग्यशिक्षण दिले. दुसऱ्या गटाला त्याबरोबर वर्षभर ठराविक अंतराने फोन करून आनंदाचे आणि अभिमानाचे क्षण आठवायला सांगितले आणि अधूनमधून छोट्या भेटवस्तूही पाठवल्या. वर्षअखेरीस ठरल्याप्रमाणे औषध घेण्याचे प्रमाण शिक्षणगटात ३६ टक्के, तर दुसऱ्या गटात ४२ टक्के होते. रक्तदाबात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. हे आकडे झाकण उघडल्याची नोंद ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यांनी मोजलेले असल्यामुळे तोंडी सांगण्यापेक्षा विश्वासार्ह आहेत, आणि म्हणूनच अस्वस्थ करतात. सुधारलेल्या गटातही निम्म्याहून अधिक डोस चुकतच होते.

आता अविश्वासाकडे वळू या, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे मूळ तिथे आहे. अलाबामातल्या मेकन काउंटीत अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर टस्कीगी प्रयोग चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही त्यांना ते दिले गेले नाही. मार्सेला अल्सान आणि मॅरिअ‍ॅन वानामेकर यांच्या विश्लेषणानुसार, १९७२ मध्ये हे उघडकीस आल्यानंतर कृष्णवर्णीय पुरुषांचा वैद्यकावरचा विश्वास घटला, दवाखान्यात जाण्याचे प्रमाण कमी झाले आणि वयाच्या पंचेचाळिशीनंतरचे अपेक्षित आयुर्मानही दीड वर्षापर्यंत खाली आले. मात्र रुग्णासमोर टस्कीगीचा विषय स्वतःहून काढून सहानुभूती दाखवू नका. बहुतेकांचा अविश्वास अधिक ताजा असतो: मागच्या महिन्यात काउंटरवर कोणीतरी वापरलेला सूर, डॉक्टरांनी न ऐकता लिहून दिलेले औषध. लिसा कूपर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की कृष्णवर्णीय रुग्णांशी बोलताना डॉक्टर संभाषण स्वतःकडे २३ टक्के अधिक ओढून घेतात. असा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने सावध राहणे हा मानसिक दोष नाही, तो शहाणपणा आहे, आणि त्यावर ‘उपचार’ करायचा झाला तर तो आधी आपल्या बोलण्यावर व्हायला हवा.

इथे एक कटू गोष्ट लिहितो. आपल्या महाराष्ट्र मंडळांच्या जेवणावळीत ‘या लोकांना शिस्तच नाही’ हे वाक्य मी सुशिक्षित मराठी डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्या तोंडून ऐकले आहे. असे म्हणणाऱ्याने काउंटरवर कितीही गोड हसून बोलले, तरी समोरच्याला ते बरोबर कळते.

आजाराविषयीच्या समजुती हा दुसरा भाग, आणि फार्मासिस्टला यात खूप काही करता येते. न्यू ऑर्लिन्समधल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये सुझान हर्टिन-रॉबर्ट्स यांनी केलेल्या अभ्यासात रक्तदाब म्हणजे दोन वेगळे आजार मानले जात असल्याचे आढळले. एक रक्ताचा, जो खाण्यापिण्याने वाढतो आणि लसूण, व्हिनेगर यांनी उतरतो. दुसरा नसांचा आणि ताणाचा, जो प्रसंगाने उफाळतो आणि आपोआप ओसरतो. ज्यांच्या मनात ही मांडणी होती त्यांचे औषध अधिक चुकत असे, आणि ते तर्काला धरूनच आहे, कारण प्रसंगाने येणाऱ्या आजारावर रोज गोळी कशाला घ्यायची? यावर हसण्याचे कारण नाही. ‘आज बरं वाटतंय, मग गोळी कशाला’ हे आपल्याकडच्या घराघरांत ऐकू येते.

म्हणून रिफिलच्या वेळी ‘गोळ्या नियमित घेता ना?’ असे विचारू नका, कारण त्याला ‘हो’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘गोळी राहून जाते तो दिवस साधारण कसा असतो?’ असे विचारा आणि मग गप्प राहा. थोड्या वेळाने माहिती येऊ लागते: मान जड झाली की घेतो, बसवर ड्युटी असताना पाण्याची गोळी घेतली तर लघवीला थांबायचे कुठे, अ‍ॅम्लोडिपिन (रक्तदाबाचे एक औषध) सुरू झाल्यापासून संध्याकाळी घोटे सुजतात आणि बूट चढत नाहीत. यांतल्या पहिल्या उत्तरासाठी घरी मोजण्याचे यंत्र द्या आणि ‘अगदी ठणठणीत वाटते’ त्या दिवसाचा आकडाही लिहून आणायला सांगा. स्वतःच्या हाताने लिहिलेला मोठा आकडा आपल्या व्याख्यानापेक्षा जास्त पटतो. उरलेल्या दोन उत्तरांना मानसशास्त्र लागतच नाही. डॉक्टरांशी बोलून औषध, त्याची वेळ किंवा मात्रा बदलावी लागते, आणि औषधाची किंमत परवडते का, हेही विचारावे लागते.

कोणाच्या तोंडून ऐकले याला किती वजन असते, हे दोन अभ्यासांतून दिसते. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये स्थानिक कृष्णवर्णीय रुग्णांच्याच तोंडून त्यांचे अनुभव सांगणाऱ्या डीव्हीडी दाखवल्या गेल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत, सुरुवातीला ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नव्हता त्यांचा वरचा आकडा तीन महिन्यांत तुलनागटापेक्षा सुमारे ११ मिलिमीटर अधिक उतरला. लॉस एंजेलिसमधली, रॉनल्ड व्हिक्टर यांची २०१८ मधली चाचणी याहून प्रसिद्ध आहे. तिच्यात ५२ केशकर्तनालयांतले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष होते. एका गटात न्हाव्याने नियमित गिऱ्हाइकाचा रक्तदाब मोजून त्याला दुकानातच येणाऱ्या फार्मासिस्टशी जोडून दिले, तर दुसऱ्या गटात न्हाव्याने फक्त डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह केला. सहा महिन्यांत वरचा आकडा पहिल्या गटात सरासरी २७, तर दुसऱ्यात ९.३ मिलिमीटरने घटला, आणि १३०/८० च्या खाली पोचलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६३.६ आणि ११.७ टक्के होते.

या यशाचे सगळे श्रेय विश्वासाला देण्याचा मोह मात्र टाळा. त्या दुकानात फार्मासिस्टना डॉक्टरांबरोबरच्या करारानुसार औषधे लिहिण्याचा आणि वाढवण्याचा अधिकार होता आणि त्यांनी तो पुरेपूर वापरला. न्हाव्याच्या खुर्चीने दार उघडले आणि आत योग्य औषध पोचले, म्हणून आकडे उतरले. नुसते दार उघडून काय होते, ते दुसऱ्या गटाने दाखवलेच.

तुमच्या दवाखान्यात मी आधी उशिरा रिफिल होणाऱ्यांच्या औषधांची यादी काढेन. दोन औषधे एकाच गोळीत बसतात का, नव्वद दिवसांचा साठा देता येतो का आणि कोणत्या दुष्परिणामाची नोंदच झालेली नाही, हे तपासेन. त्यानंतर काउंटरवरच्या सर्वांना वर सांगितलेला प्रश्न विचारण्याचा सराव देईन, आणि मग ज्यांचा रक्तदाब आटोक्यात आला आहे अशा तिथल्याच दोन-तीन कृष्णवर्णीय रुग्णांना, त्यांची तयारी असेल तर, इतरांशी बोलायला बोलावेन. वरिष्ठांचा आग्रहच असेल तर मूल्यपुष्टीचा कागदही असू द्या, त्याने नुकसान नाही. फक्त निकाल मोजताना सर्व रुग्णांची एकत्रित सरासरी पुढे ठेवू नका. श्वेतवर्णीय रुग्ण अधिक सुधारले तर सरासरी चांगली दिसेल आणि ज्या तफावतीसाठी हे सारे आरंभले ती वाढलेली असेल. म्हणून रिफिल आणि रक्तदाब हे दोन्ही आकडे गटवार, निदान वर्षभर, वेगळे लिहून ठेवा.