मुलीचं लिखाण तुमच्यासाठी नाही

प्रश्न : मुलगी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या शाळेत इंटर्नशिप करते. रोजचे अनुभव कॉलेजच्या गटाच्या खासगी ब्लॉगवर लिहायचे असतात. त्यात तिचा तास जातो. तिच्या मोबाइलवर मी वाचले, ‘वर्ग आवरला नाही, रडू आले’. काळजीने शाळेत फोन केला. अशाने तिचे गुण जातील ना? नात्यातल्या मुलीची गेल्या वर्षीची अशाच अनुभवांची फाइल मिळते आहे. तिने ती उतरवून वाचलेल्या वेळात टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) अभ्यास करावा का? – एक पालक

उत्तर : रडू आल्याचं वाचून तुमच्या पोटात कालवलं, हे समजतं. पण पदवीधर मुलीचा मोबाइल उघडून वाचणं चूक होतं आणि त्यावर शाळेत फोन करणं त्याहून मोठी चूक. फोनचं अजून सांगितलं नसेल, तर आजच सांगा. स्टाफरूममध्ये दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर तिला तिथे मान वर करणं अवघड होईल. आणि लिखाण घरी वाचलं जातं म्हटल्यावर ती उद्यापासून ‘पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्तम प्रतिसाद दिला’ एवढंच लिहील. या वाक्यांनी भरलेल्या फायलींचे गठ्ठे मी पाहिले आहेत.

फसलेला तास लिहिला की गुण जातात, हा गैरसमज आहे. समजा, सहावीच्या निम्म्या वर्गाने 1/2 अधिक 1/3 बरोबर 2/5 असं लिहिलं. ‘नियम पुन्हा समजावला’ ही झाली नुसती नोंद. मुलं अंशात अंश, छेदात छेद मिळवताहेत, म्हणजे अपूर्णांक त्यांना दोन सुटे आकडे वाटतात. 2/5 तर अर्ध्याहूनही कमी! मग अर्ध्यात भर घालून उत्तर घटलं कसं, हे उद्या कागदाची पट्टी दुमडून त्यांनाच विचारायचं. इथवर पोहोचली, तर ते चिंतन. ‘वर्ग आवरला नाही’चंही तसंच : नेमका कधी सुटला? ती फळ्याकडे वळली तेव्हा, की गट पाडताना? गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये ही मुलंच नाहीत. शिवाय शिक्षिका होऊ घातलेल्या मुलीला तुम्ही कॉपी पुरवताय.

टीईटी, मग टेट ही शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल हा नोकरीचा रस्ता तिला माहीत असणारच. टीईटीच्या 150 पैकी 30 गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राचे असतात, आणि त्याचा अभ्यास तिचा रोज वर्गातच चाललाय. शिक्षक-शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीई या राष्ट्रीय परिषदेच्या 2014च्या नियमांनी बी.एड.मध्ये शाळेसाठी 20 आठवडे ठेवले, त्यातले 16 दुसऱ्या वर्षात. टीईटी पुन्हा देता येते, हे आठवडे पुन्हा येत नाहीत.

तासभर लिहिणं मात्र जास्तच. दिवसातला एकच प्रसंग घ्यावा, वीस मिनिटांत उठावं. मुलांची खरी नावं खासगी ब्लॉगवरही नकोत. स्क्रीनशॉट कुठेही जातो. शेवटी मार्गदर्शकांसाठी एक नेमका प्रश्न लिहावा, आणि नुसतीच सही मिळत असेल, तर तो घेऊन तिने त्यांना कॉलेजात गाठावं.