आम्ही सांगलीत राहतो. तीन वर्षांची मुलगी ‘हे दे, ते दे’ एवढंच बोलते, घरी काय करू?

सांगलीत आहात, तर बाजाराची पिशवीच पुरे. चारच वस्तू घ्या: वांगं, बेदाण्याची पुडी, हळकुंड, लिंबू. मुलीने न बघता हात घालायचा. तुम्ही विचारायचं, “खरखरीत लागतंय की गुळगुळीत?” मग पाच सेकंद गप्प. हे गप्प बसणंच मोठ्यांना जमत नाही, आणि उत्तर आपणच देऊन मोकळे होतो.

ती “हळद” म्हणाली, की त्यात दोन शब्द घाला: “हो, वाळलेली हळद. कडक आहे.” तिच्याकडून परत म्हणवून घेऊ नका. दिवसाला दहा मिनिटं, नवे शब्द दोन-तीनच, पण तेच आठवडाभर: आमटीत, अंघोळीत, रस्त्यावर.

“हे काय? ते काय?” अशी उलटतपासणी सुरू झाली की मूल मिटून बसतं. ‘साखर’ला ‘ताकर’ म्हटलं तर हसू नका, आपण नीट ‘साखर’ म्हणून पुढे जा. र, ळ, ण उशिराच येतात.

तिसऱ्या वर्षीही दोन शब्द जोडत नसेल किंवा पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही दाखवा.