शीर, नर की चेता?

निपाणीहून प्रश्न आलाय: आईच्या हाताला रात्री मुंग्या येतात. ती म्हणते शीर दबली, कन्नडभाषक डॉक्टर म्हणाले ‘नर’, कोल्हापूरच्या भाच्याच्या पुस्तकात ‘चेता’. बरोबर काय?

तिघंही बरोबर, तिन्हींचा रोख इंग्रजीतल्या ‘नर्व्ह’कडेच, पण ‘शीर’ अंमळ ढिली. सलाईनची सुई शिरेत, दबते ती शीर, पायात चढते तीही शीर! एक रक्ताची नळी, दुसरी संवेदनेची दोरी, तिसरा तर गोळा आलेला स्नायू. कन्नडमधला ‘नर’ आपल्या सीमाभागात सर्रास कानावर पडतो, पण मराठी वाक्यात ‘आईचा नर दबलाय’ म्हटलं की ऐकणारा वडिलांची चौकशी करायचा. विश्वकोशात ‘तंत्रिका’ आहे, जुन्या पुस्तकांत ‘मज्जातंतू’. तो मला खटकतो, कारण मज्जा म्हटलं की हाडातला मगजच आठवतो. गंमत ‘स्नायू’ची. संस्कृतात स्नायू म्हणजे कंडरा (मांस हाडाला बांधणारी दोरी), ग्रीक ‘न्यूरॉन’ त्याच कुळातला. बंगालीत तो चेतेकडे गेला, मराठीत मांसाकडे.

आईची तपासणी करायला सांगितली असेल, तर ‘चेता’च कामाचा. हाताकडे येणाऱ्या मीडियन आणि अल्नर या दोन चेतांचं वहन, म्हणजे संदेश पुढं नेणं, त्यात ताडून बघतात. मीडियन मनगटाच्या अरुंद बोगद्यातून अंगठा, तर्जनी, मध्यमेकडे जाते. अल्नर त्या बोगद्याबाहेरून करंगळीकडे. (कोपर आपटल्यावर करंट बसतो ना, ती हीच.) अनामिकेला मात्र दोघींचा वाटा. म्हणून मनगटाशी दोन्ही चेतांना त्या बोटापासून सारख्याच अंतरावर, बहुधा 14 सेंटीमीटरवर, विजेचा बारीक चिमटा देतात आणि संदेश बोटापर्यंत यायला किती वेळ लागतो ते बघतात. निरोगी हातात संदेश सेकंदाला साधारण 50 मीटरच्या वर धावतो, म्हणजे तेवढं अंतर 3 मिलिसेकंदांच्या आत. मीडियनला अल्नरपेक्षा अर्धा मिलिसेकंद जास्त लागला, तरी बोगद्यात चेता दबल्याचा संशय बळावतो. विड्या वळणं, शिवण, लाटणं अशा मनगटाच्या कामांत हा त्रास जास्त दिसतो.

‘करंट पास होत नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. होतो, उशिरा होतो. तारेसारखी वीज तिथं धावत नाही. चेतेच्या पापुद्र्यातून सोडियम-पोटॅशियमचे कण आतबाहेर करत संदेश पुढं सरकवतात. त्याला ‘वहन’ म्हणावं. कागदावर लिहा: ‘मनगटापाशी मीडियन चेतेचं वहन मंद’.

आईला मात्र शीरच म्हणू द्या. ‘शीर दबलीया बगा’ हे डॉक्टरलाही कळतं.