पिल्लं विकून एफडीची भरपाई होईल का?

ताई, तुमचा मेल वाचला. तुमची अडीच वर्षांची लॅब (लॅब्रॅडोर कुत्री) शेजारच्या मिक्स कुत्र्याशी क्रॉस झाली, सोनोग्राफीत पिल्लं दिसली, डॉक्टर म्हणतात साधारण ३० दिवस झालेत. घरात चार महिन्यांच्या खर्चाएवढा इमर्जन्सी फंड आहे, एक एफडी आहे जी सात महिन्यांनी मॅच्युअर होणार, आणि पगारातला साधारण पाचवा हिस्सा दर महिन्याला शिल्लक पडतो. मिस्टरांचं म्हणणं, एफडी मोडू, लॅबची पिल्लं म्हणून विकू आणि पैसे परत येतील. तुम्हाला ते पटत नाहीये पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाहीये.

तर मला विचाराल तर एफडी मोडू नका, आणि पिल्लांकडून येणारा पैसा हिशोबात शून्य धरा. लॅबची म्हणून विकायची गोष्ट तर डोक्यातूनच काढा, ती सरळ फसवणूक आहे आणि वर्षभरात कान-शेपूट-उंची बघून घेणाऱ्याला कळणारच. बाप कोण हेही तुम्ही छातीठोक सांगू शकत नाही, कारण एकाच वेताला दोन वेगळे बाप असू शकतात. (माज संपेपर्यंत तिला नंतर बंद ठेवली होती ना?) शिवाय तुमच्याकडे जनावरं विकण्याचे काय नियम आहेत तेही बघावं लागेल.

आता खर्चाकडे. कुत्रीचे दिवस साधारण ६३ असतात, म्हणजे तुमच्याकडे अजून महिनाभर आहे, आणि पिल्लं आठ आठवड्यांची झाल्याशिवाय आईपासून तोडायची नाहीत, म्हणजे एकूण तीन महिन्यांचा मामला. खर्च एकदम येत नाही हीच यातली चांगली गोष्ट. आत्ता तपासण्या आणि आईचं खाणं, शेवटच्या तीनेक आठवड्यांत तिला पिल्लांचं फूड चालू करायला सांगतात. दूध पाजताना तर तिचं खाणं नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होतं, सगळ्यात जास्त तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पिल्लं स्वतः खायला लागतात चौथ्या आठवड्याच्या आसपास आणि तिथून बिल वर जातं. जंताचं औषध दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, आणि हे सगळं पिल्लागणिक! लॅबला सहा-आठ पिल्लं सहज होतात त्यामुळे एका पिल्लाचा खर्च किरकोळ वाटला तरी गुणाकार केल्यावर तसा राहत नाही.

म्हणून मी काय करीन तर पुढचे तीन महिने जी शिल्लक पडते ती गुंतवायची थांबवून एका वेगळ्या खात्यात टाकीन आणि कुत्रीचा-पिल्लांचा रोजचा सगळा खर्च त्यातूनच करीन. तीन महिने गुंतवणूक थांबली म्हणून तुमचं रिटायरमेंट बुडत नाही. इमर्जन्सी फंडाला हात लावायचा तो फक्त एका गोष्टीसाठी, सिझेरियन. ते बहुतेक वेळा ठरवून होत नाही, अर्ध्या रात्री होतं, त्यामुळे रात्री उघडा असलेला दवाखाना कुठला आणि अ‍ॅडव्हान्स किती मागतात ते आधीच विचारून ठेवा. पेट इन्शुरन्स असेल तर पॉलिसी उघडून वाचा, गाभणपण आणि डिलिव्हरी बऱ्याच पॉलिसींत वगळलेली असते. एवढं करूनही कमी पडलं तर एफडी न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं का बघा. क्रेडिट कार्ड वापरायचं तर महिन्याच्या महिन्याला पूर्ण भरणार असाल तरच, पिल्लं गेली की फेडू या भरवशावर अजिबात नको.

दोन ठिकाणी काटकसर महागात पडते. एक, कोणीतरी सांगितलं म्हणून गाभण असताना कॅल्शियमच्या गोळ्या चालू करणं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, उलट त्यानेच व्याल्यावर कॅल्शियम एकदम खाली जायचा धोका वाढतो, कुत्री थरथरते, झटके येतात आणि मग इमर्जन्सीचं बिल. दुसरं, लस टाळणं. पार्वो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार) घरात शिरला की एका पिल्लाच्या उपचारात सगळ्यांच्या लसींचे पैसे जातात, आणि पिल्लू वाचेलच असंही नाही.

खरा मोठा आकडा मात्र पुढे आहे आणि मिस्टरांनी तो धरलेलाच नाही. जे पिल्लू आठव्या आठवड्यानंतर घरात राहिलं ते दर आठवड्याला खातं, पुढच्या लसी मागतं (त्या सोळा आठवड्यांपर्यंत चालतात), आणि कोणीच नेलं नाही तर तो दहा-बारा वर्षांचा खर्च आहे. म्हणजे घरं शोधणं हेच इथलं सगळ्यात मोठं पैसे वाचवणं. ते पिल्लं झाल्यावर नाही, आजपासून सुरू करा. ओळखीतल्यांना विचारा, डॉक्टरांकडे नाव द्या, पिल्लांपेक्षा दोन-तीन घरं जास्तच हातात ठेवा कारण "नक्की नेणार" म्हणणारे ऐनवेळी फोन उचलत नाहीत. आई लॅब, बाप मिक्स, मोठं होऊन किती थोराड होईल सांगता येत नाही, हे स्पष्ट सांगून टाका, नाहीतर सहा महिन्यांनी पिल्लू परत तुमच्या दारात.

फुकट द्यायचं का? मी म्हणेन लस आणि जंताच्या औषधाचा झालेला खर्च तेवढा घ्या, पावती दाखवून. जो तेवढंही द्यायला कुरकुर करतो तो पुढच्या लसी कशा देणार? त्यावर थोडं डिपॉझिट ठेवा आणि नसबंदीचा कागद दाखवला की परत करा, ते पैसे आपले नाहीत म्हणून वेगळे ठेवा. आणि एखादं पिल्लू परत येईल एवढी सोय खात्यात शिल्लक असू द्या.

एक ठेवू का असं विचारलंत. माझं मत नाही, निदान मुलगा तर नकोच, आईचं ऑपरेशन होईपर्यंत. ते ऑपरेशन याच तीन महिन्यांच्या बजेटमध्ये धरा, दूध आटल्यावर डॉक्टर तारीख देतील, पुढच्या माजाच्या आधी व्हायला हवं. मुलगी ठेवायची तर दोन कुत्र्यांचा खर्च धरून महिन्याची शिल्लक काय उरते ते आधी तीन महिने बघा, एवीतेवी त्यातले दोन महिने दोघींपेक्षा जास्तच घरात असणार आहेत.

५५ व्या दिवसानंतर एक्स-रे काढला की पिल्लं किती ते बऱ्यापैकी कळतं, त्याची अपॉइंटमेंट आजच घ्या. आकडा आला की डॉक्टरांकडून एका पिल्लाचा लस-औषधाचा खर्च लिहून घ्या, गुणा आणि मला पाठवा, एफडीचं तेव्हा परत बघू.