मानकरी कोण आणि धनी कोण?

प्रश्न : सर, आमच्या गावी शिमग्यात पालखी उठायच्या आधी मानकऱ्यांना हाक मारतात, नारळ त्यांच्या हातात देतात. इकडे पेपरात रोज कोणीतरी 'पुरस्काराचे मानकरी' ठरतंय. मग मानकरी म्हणजे सरदार का? आणि बाई असेल तर काय म्हणायचं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सरदार नाही हो. म्हणजे सरदार हा मानकरी असू शकतो, पण सरदार म्हटलं की फौज आली, जहागीरदार म्हटलं की गावांचा वसूल आला, मानकऱ्याकडे यातलं काहीच नसलं तरी चालतं, त्याला फक्त पहिला टिळा आणि पहिला विडा मिळाला पाहिजे. यातला 'करी' वारकरी, टाळकरी, गावकरी यातलाच, त्यामुळे 'मान करणारा' असा अर्थ काढू नका, करणारे आपण, तो घेणारा!

आणि हा मान नुसता बोलण्यापुरता नव्हता बरं का. पेशवाईत कोणी अर्धी पाटीलकी विकली तर होळीला पोळी आधी कोणाची, पोळ्याला बैल पुढे कोणाचा, हेसुद्धा कागदावर लिहून घ्यायचे, नाहीतर वेशीतच मारामारी. पुढे १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांची वतनं गेली, पण पोळ्याला बैल कोणाचा पुढे यावरून रुसवेफुगवे चालूच आहेत.

माऊलींच्या पालखीत आजही अंकलीच्या शितोळे सरकारांचा अश्व मानाचा, तो घराण्याचा मान. पण आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांबरोबर पूजेला जे जोडपं बसतं ते दर्शनाच्या रांगेतलं असतं आणि त्यांनाही 'मानाचे वारकरी'च म्हणतात, तिथे घराणं बिराणं कोणी विचारत नाही, तासन्‌तास रांगेत उभं राहायची तयारी पाहिजे. पेपरातला पुरस्काराचा मानकरी या दुसऱ्या जातीचा.

बाईलाही मानकरीच, 'त्या पुरस्काराच्या मानकरी ठरल्या'. मानकरीण बोलण्यात ऐकू येतं, लिहिताना मला जरा खटकतं.

एक मात्र सांभाळा, परवा एका बातमीत 'टीकेचे मानकरी' वाचलं आणि चहा सांडला. मानकरी फक्त चांगल्या गोष्टीचा, टीकेचा, शिव्यांचा माणूस 'धनी' होतो. गंमत म्हणजे धनी हाच खरा मालक, पण त्याच्या वाट्याला शिव्या! मुद्दाम टोमणा मारायचा असेल तर 'मार खायचा पहिला मानकरी तूच' हे आमच्या आईने आम्हाला भरपूर वेळा ऐकवलंय.