शंकेला पान नंबर विचार

चिरंजीव मुली,
अनेक आशीर्वाद.

एकांकिका लिहून झाली, पण अजून फोनमध्येच पडून आहे. आणि 'मला खरंच जमतं का' हे मी चार पानांचे फोटो बघून सांगावं, असं तू लिहिलंयस. चार पानांवरून ते सांगता येत नाही, आणि सगळी पानं पाठवली असतीस तरी मी सांगितलं नसतं. जमतं म्हटलं असतं तर तू चार दिवस खूश राहिली असतीस आणि पाचव्या दिवशी 'सरांनी मन राखलं' असं वाटायला लागलं असतं. नाही म्हटलं असतं तर फाईल डिलीट. दोन्हीकडून एकांकिका आहे तिथेच.

पानं मात्र मी नीट वाचली आणि त्यात तुझी भीती सापडली, अगदी जागेसकट. टँकरची वाट बघत बसलेली तुझी म्हातारी पहिल्या दोन पानांत फर्मास बोलते. 'पानी आलंय, का नुसता भोंगा वाजवून ग्येला त्यो?' हे वाक्य तू टेबलाशी बसून रचलेलं नाहीस, कुठेतरी ऐकलेलं आहेस. पुढे सून तिला विकलेल्या जमिनीबद्दल विचारते, आणि म्हातारी म्हणते, 'मला याविषयी काहीही सांगायचे नाही.' अगं, ही बाई सांगलीकडच्या जतची ना? मग एकदम आकाशवाणीवर बातम्या दिल्यासारखी का बोलायला लागली? जिथे नाटक सुरू होतंय, नेमकं तिथेच तू तिच्या तोंडचं बोलणं काढून घेतलंस आणि पुस्तकातलं दिलंस. म्हातारी डगमगलेली नाही, तू डगमगलीस.

म्हणून सांगतो, शंका आली की तिला पान नंबर विचार. 'हे सगळं भंकस झालंय.' बरं, कुठल्या पानावर? 'लोक कंटाळतील.' कुठून कुठपर्यंत? पान सांगता आलं तर ती शंका कामाची आहे, पेन्सिल घे आणि बस. नाही सांगता आलं तर ती एकांकिकेबद्दलची नव्हेच. ती कमी झोपेतून आलेली असेल, मैत्रिणीच्या रीलला मिळालेल्या लाईक्समुळे असेल, नाहीतर शाळेत कोणीतरी निबंधावर मारलेल्या लाल रेघेची असेल. तिच्याशी वाद घालू नकोस. वादात तीच जिंकते, कारण तिला पुरावा द्यावा लागत नाही. 'बरं बाई' म्हणायचं आणि पुढचा संवाद लिहायचा.

भाषेची शंका मात्र तू स्पष्ट लिहिली आहेस. 'आमच्याकडची बोली, त्यात कानडी वळण, पुण्यातले परीक्षक हसतील.' यावर बहिणाबाईंचं सांगतो. कविता तुला शाळेत होत्याच, पण त्या छापल्या कशा गेल्या हे बहुतेकांना ठाऊक नसतं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या ओव्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव व घरातली इतर मुलं त्या टिपून ठेवायची. सोपानदेव स्वतः नाव असलेले कवी. आईची गाणी मोलाची आहेत हे त्यांना कळत नव्हतं असं कसं म्हणणार? तरी ही खानदेशातली बोली शिकलेल्या लोकांना कशी रुचेल, या संकोचानं ती वही त्यांच्याजवळच राहिली. 1951 च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना त्या कविता दाखवल्या आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आज त्या कवितांची भाषा अडते असं कोणी म्हणत नाही. पण ते पुस्तक बहिणाबाईंनी पाहिलं नाही. मला या गोष्टीत अत्र्यांच्या पारखीपेक्षा सोपानदेवांचा संकोच जास्त महत्त्वाचा वाटतो. इतक्या जाणत्या माणसाचीही अशी गत होते, तर तुला रात्री झोप लागत नाही यात नवल ते काय!

दुसरी भीती घरच्यांची. आत्या स्वतःला ओळखेल म्हणतेस. माझा अनुभव असा की नाटकात माणसं स्वतःला क्वचित ओळखतात, शेजाऱ्याला मात्र लगेच ओळखतात. तरी ही भीती उडवून लावण्यातली नाही. आत्याचा एखादा खरा प्रसंग, जो बाहेर आला तर तिला जाचक होईल, तो तुझ्या संहितेत असेल तर काढ. तिथे भीती तुला बरोबर सांगतेय. बाकी गाव बदल, धंदा बदल, दोन बायकांची एक बाई कर. आत्याचं पात्र आपोआप आत्यापासून लांब जाईल आणि बहुधा जास्त चांगलं होईल.

अशा पत्रात थोरामोठ्यांची अपयशं सांगायची पद्धत आहे. तेंडुलकरांचं 'गृहस्थ' प्रेक्षकांनी उचललं नाही, पुन्हा नाटक लिहायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि 1956 मध्ये 'श्रीमंत' लिहिलंच, वगैरे. खरं आहे. पण मी हे उदाहरण कोणाला फारसं देत नाही. ते पुढे तेंडुलकर झाले हे आपल्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे त्यांचं पडणंही आपल्याला ऐटदार वाटतं. तुझं पडणं तसं वाटणार नाही. ते साधं, कानकोंडं करणारं असेल आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला जावं लागेल.

आता करायचं काय ते सांगतो.

इतकी वर्षं बँक सांभाळून हौशी नाटक केलं, त्यात विंगेत हात गार न पडणारा नट मी बघितला नाही. वीस-वीस वर्षं उभे राहिलेले लोक दुसऱ्या घंटेला पाणी मागतात. पण तिसरी घंटा झाली, पडदा सरकला की जावंच लागतं. भीती संपली का नाही, हे विचारायला कोणी थांबत नाही. नटाला घंटा असते, लिहिणाऱ्याला नसते. म्हणून तो एकाच मसुद्यावर वर्षभर बसू शकतो आणि त्याला 'अजून काम चालू आहे' म्हणू शकतो. तुझी घंटा तुलाच ठरवावी लागेल, आणि ती म्हणजे वाचन.

पाच-सहा जण बोलाव. सगळे तुझ्या ग्रुपमधले नकोत, ते टाळ्या वाजवतील. नाटकाशी संबंध नसलेला एक तरी माणूस हवा. कोणाची आई चालेल, मेसवाल्या काकू चालतील. लेखकानं स्वतः वाचायची आपल्याकडे रीत आहे, पण पहिल्या वेळी तू वाचू नकोस. लेखक वाचतो तेव्हा जिथे संहितेत खड्डा आहे तिथे आवाजानं भरून काढतो, आणि खड्डा कोणालाच दिसत नाही. दोघी-तिघींना पात्रं वाटून दे, आधी सराव करायला देऊ नकोस आणि सुरुवातीची वेळ टिपून ठेव. तू प्रिंट घेऊन कोपऱ्यात बस. वाचणारीची जीभ जिथे अडखळेल तिथे समासात उभी रेघ, ऐकणाऱ्याचा हात फोनकडे जाईल तिथे फुली. तू विनोद म्हणून न लिहिलेल्या जागी हशा आला तर तिथेही खूण कर, ती जागा सोन्यासारखी जपायची. मध्ये 'म्हणजे इथे असं आहे की' म्हणून समजावायला जायचं नाही. अगदी ओठ चावून बस.

वाचन झाल्यावर 'कसं वाटलं?' हा प्रश्न विचारायचा नाही. त्याला 'छान' एवढंच उत्तर येतं. 'गोष्ट काय होती, सांगा' म्हण. काकूंनी जमिनीचा भाग सांगितलाच नाही, तर तो भाग अजून कागदावर आलेलाच नाही असं समज. त्या रात्री तुला फार वाईट वाटेल. पण या वेळी तुझ्या हातात खुणा केलेली पानं असतील, आणि नुसत्या 'मला जमत नाही'पेक्षा ती कधीही बरी.

बक्षिसाचा विचार आताच नको, हेही सांगून ठेवतो. 'पुरुषोत्तम करंडक' ही पुण्यातली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. 2022 मध्ये परीक्षकांनी करंडकाच्या तोडीची एकही एकांकिका नाही असा निर्णय दिला आणि करंडक कोणालाच गेला नाही. त्यावर खूप चर्चा झाली. काहींना निर्णय पटला, काही चिडले. मला स्वतःला तो कठोर वाटला, पण परीक्षकांचा तो हक्क होता. पुढच्या वर्षी पोरं पुन्हा तालमी करत होती आणि स्पर्धेच्या भरत नाट्य मंदिरात 'आव्वाज कुणाचा' ही पोरांची आरोळी घुमतच होती. परीक्षक काय म्हणतील हा विषय तुझ्या हातातला नाही. म्हातारीनं सुनेला काय उत्तर द्यायचं, तो आहे.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आत वाचन ठेव, नाहीतर पोरं गावाला पांगतील. तारीख कळव, मी येईन आणि मागे गप्प बसेन. स्पर्धेला उतरायचं ठरलंच तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल. सगळे त्याला 'सेन्सॉर करून घेणं' म्हणतात. त्याला वेळ लागतो, त्यामुळे आयत्या वेळी धावपळ नको. अर्ज कसा भरायचा ते भेटल्यावर दाखवतो. त्याआधी पूर्ण संहिता मला पाठव, आणि या वेळी फोटो नको, पीडीएफ कर. डोळ्यांना त्रास होतो.

कळावे,
तुझे सर