इर्मा वेपच्या आधीची प्रोतेआ

फ्रेंच मूकपटांतली पहिली हेर नायिका इर्मा वेप का, आणि अंगाला घट्ट बसणारा तो काळा पोशाख तिच्यापासूनच आला का, असं विचारलंय. दोन्हींचं उत्तर माझ्या मते 'नाही'.

इर्मा मुळात हेर नाहीच, पॅरिसमधल्या एका दरोडेखोर टोळीतली बाई आहे. तिची कथा असलेली, दिग्दर्शक लुई फेयादची 'ले व्हाम्पीर' ही दहा भागांची मूकपट मालिका १९१५-१६ची. त्याच्या दोन वर्षं आधी, १९१३ मध्ये, एक्लेर या फ्रेंच चित्रपट कंपनीचा 'प्रोतेआ' हा मूकपट आला होता. दिग्दर्शक विक्तोरँ जासे, नायिका जोझेत आंद्रियो. मेसेनिया नावाच्या काल्पनिक देशाला शेजारच्या दोन राष्ट्रांमधला गुप्त करार हवा असतो आणि तो पळवण्याची कामगिरी प्रोतेआवर येते. बाल्कन युद्धांचं वर्ष होतं ते. असल्या करारांची भीती प्रेक्षकाला वेगळी समजावून सांगावी लागली नसणार.

पाहाल तेव्हा तिच्या साथीदाराकडे लक्ष द्या. लुस्याँ बातायने केलेल्या या गड्याचं टोपणनाव आहे 'वाम', आपला तो बुळबुळीत वाम मासा. पण डोकं तिचं, हुकूम तिचा, हा मदतनीस. दर थोड्या वेळाने दोघांचे वेष पालटतात. नावातच ते आहे, रूपं बदलणाऱ्या ग्रीक समुद्रदेव प्रोटियसवरून घेतलेलं. आणि चोरीची वेळ आली की बाई नखशिखांत काळ्या, घट्ट कपड्यांत. अभिनेत्री म्युझिदोराने इर्मा होऊन हाच वेष अजरामर केला, हे खरंच. श्रेय मात्र आंद्रियोला फारसं कुणी देत नाही, याचा मला राग येतो.

जासेचं दुर्दैव बघा. 'झिगोमार' आणि 'निक कार्टर' या चित्रपट मालिका गाजवलेला हा माणूस चित्रपट लागायच्या आधीच, जून १९१३ मध्ये गेला. पुढचे भाग दुसऱ्यांनी केले, थेट १९१९ पर्यंत.

आता 'पहिली' या शब्दाबद्दल. फ्रान्सपुरतं बोलायचं तर प्रोतेआचं नाव घ्यायला मी कचरणार नाही. जगात पहिली म्हणाल तर नाही. अमेरिकेत केलेम कंपनीच्या यादवी युद्धावरच्या हेरपटांत जीन गाँटिए १९०९ पासूनच घोडे दौडवत होती, आणि ती कथाही स्वतः लिहायची.

बघायला बसाल तर क्लोजअपची वाट पाहू नका. कॅमेरा लांब उभा असतो, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, त्यामुळे आंद्रियोची अंगमेहनत लपत नाही. आणि आधी प्रोतेआ पाहा, मग इर्मा. मी उलटं केलं आणि पहिला अर्धा तास नुसती तुलनाच करत बसलो.